बेंचरेस्ट लक्ष्यनेमबाजीतील काडतूस व नळीचा पीळ यांची निवड : परभणी जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

सारांश : मेजावर रायफल टेकवून केल्या जाणाऱ्या नेमबाजीत नेमबाजाच्या शरीराची अस्थिरता बरीचशी वगळली जाते आणि रायफल, काडतूस व हवा यांचे गुणदोष स्पष्टपणे समोर येतात. अशा नेमबाजीसाठी काडतूस कोणते निवडावे आणि नळीचा पीळ किती असावा, या दोन प्रश्नांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. काडतुसाची निवड अंतर, कायदा व उपलब्धता यांवरून करावी आणि पीळ गोळीच्या लांबीवरून ठरवावा, तसेच पीळ गरजेपेक्षा अधिक असणे हा गुण नसून दोष आहे, हे लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजशब्द : बेंचरेस्ट, काडतूस, नळीचा पीळ, ग्रीनहिल सूत्र, राष्ट्रीय छात्रसेना, परभणी.

प्रस्तावना

१९४८ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय छात्रसेनेमुळे नेमबाजी ही केवळ संस्थानिकांची व शिकाऱ्यांची मिरास राहिली नाही. शेतकरी व शेतमजूर कुटुंबांतील मुलामुलींपर्यंत ती पोहोचली. परभणी जिल्ह्यातील महाविद्यालयीन छात्राच्या हाती पहिल्यांदा जी खरी रायफल येते, ती बहुधा .२२ ची, म्हणजे पॉइंट टू-टूची असते. पंचवीस मीटर अंतर, जमिनीवर पालथे पडून घेतलेला नेम आणि पाच गोळ्या एवढ्यावर त्याच्या नेमाची परीक्षा होते. पाचही छिद्रे जवळजवळ पडली तर तो चांगला नेमबाज ठरतो. ती विखुरली तर श्वास चुकला, चाप हिसकला, डोळा मिटला अशी कारणे सांगितली जातात आणि छात्र निवडीतून बाद होतो.

ही कारणे पुष्कळदा खरी असतात, परंतु नेहमीच खरी असतात असे नाही. झिजलेली नळी, निकृष्ट प्रतीची काडतुसे किंवा गोळीला न मानवणारा पीळ यांमुळेही छिद्रे विखुरतात. दोष साधनाचा असताना शिक्षा विद्यार्थ्याला होणे ही शैक्षणिकदृष्ट्या गंभीर बाब होय. माणूस व साधन यांतील दोष वेगळे करण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे रायफल भक्कम मेजावर, वाळूच्या पिशव्यांवर टेकवून तपासणे. जगात ‘बेंचरेस्ट’ या नावाने ओळखला जाणारा नेमबाजीचा प्रकार याच तपासणीतून विकसित झाला. तो ऑलिंपिक क्रीडाप्रकार नाही, परंतु हौशी नेमबाजाला आणि प्रशिक्षकाला त्यातून जे शिकता येते, ते अन्य प्रकारांतून इतक्या स्वच्छपणे शिकता येत नाही.

पीळ म्हणजे काय व तो कशासाठी?

रायफलीच्या नळीत आतून पेचदार खाचा असतात. गोळी त्यांतून पुढे सरकताना स्वतःभोवती फिरू लागते. गोळीचा एक पूर्ण फेरा नळीच्या जेवढ्या लांबीत होतो, ती लांबी म्हणजे पिळाचे माप. १६ इंचांत एक फेरा होत असेल तर पीळ ‘सोळाला एक’ असे म्हणतात. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. आकडा जितका लहान, तितका पीळ जलद. आठ इंचांचा पीळ हा सोळा इंचांच्या पिळाच्या दुप्पट वेगाने गोळी फिरवतो.

फिरण्याची गरज का पडते? लांबट गोळीवर हवेचा रेटा तिच्या गुरुत्वमध्याच्या पुढील भागी येतो आणि तिला आडवी पाडू पाहतो. भोवरा वेगाने फिरत असेपर्यंत उभा राहतो आणि वेग मंदावताच डुलून कोलमडतो. गोळीचेही तसेच आहे. गोळी जितकी लांब, तितका तिला पाडणारा रेटा प्रभावी आणि म्हणून तितका जलद पीळ आवश्यक. महत्त्व येथे गोळीच्या वजनाला नसून लांबीला आहे. सामान्यतः जड गोळी लांब असते, त्यामुळे व्यवहारात वजनावरून पीळ सांगण्याचा प्रघात पडला आहे. तो सोयीचा असला तरी मूळ कारण झाकणारा आहे.

ग्रीनहिल यांचे सूत्र

इंग्लंडमधील वुलविच येथे तोफखान्याच्या अधिकाऱ्यांना गणित शिकवणारे प्राध्यापक आल्फ्रेड जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये या संबंधाचे सोपे सूत्र मांडले. गोळीच्या व्यासाच्या वर्गाला १५० ने गुणून गोळीच्या लांबीने भागले असता आवश्यक पीळ मिळतो. व्यास व लांबी मिलिमीटरमध्ये घेतल्यास पीळही मिलिमीटरमध्ये येतो. सेकंदाला सुमारे ८५० मीटरपेक्षा अधिक वेगाच्या गोळ्यांसाठी १५० ऐवजी १८० हा अंक घेण्याची प्रथा आहे. शिसे हा ज्यांचा मुख्य भाग आहे अशाच गोळ्यांना हे सूत्र लागू पडते.

.२२ लाँग रायफल या काडतुसाचे उदाहरण घेऊ. तिच्या नेहमीच्या गोळीचा व्यास सुमारे ५.७ मि.मी. व लांबी सुमारे १२ मि.मी. असते. ५.७ चा वर्ग ३२.४९. त्याला १५० ने गुणून १२ ने भागले असता उत्तर ४०६ मि.मी., म्हणजेच १६ इंच येते. जगभर या काडतुसाच्या रायफलींचा पीळ बहुतांशी १६ इंचच असतो, यामागील कारण या तीन ओळींच्या गणितात सापडते. भौतिकशास्त्राच्या पदवी वर्गात कोनीय संवेग शिकवताना हे उदाहरण उपयोगी पडण्यासारखे आहे.

ग्रीनहिल यांचे सूत्र काहीसे सावध आहे. ते गरजेपेक्षा थोडा जलद पीळ सुचवते. बेंचरेस्टच्या जगात शंभर ते दोनशे मीटरसाठी प्रसिद्ध असलेले ६ पीपीसी हे काडतूस १९७० च्या दशकात लुई पाल्मिसानो व फेरिस पिंडेल यांनी विकसित केले. त्याच्या आखूड, सपाट बुडाच्या गोळ्यांसाठी १३.५ ते १४ इंच एवढा संथ पीळ वापरला जातो. अत्यंत काटेकोर नेमबाज मुद्दाम संथ पीळ का निवडतात, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

अधिक पीळ म्हणजे अधिक अचूकता नव्हे

पीळ जलद असला की गोळी अधिक स्थिर राहणार, मग तो सरसकट जलदच का ठेवू नये, असा प्रश्न स्वाभाविक आहे. याचे उत्तर गोळीच्या अपूर्णतेत आहे. कोणतीही गोळी परिपूर्ण नसते. तिचा गुरुत्वमध्य मध्यरेषेपासून किंचित सरकलेला असतो. नळीत गोळी मध्यरेषेभोवती फिरते, परंतु नळीबाहेर पडताच ती गुरुत्वमध्याभोवती फिरू लागते. त्या क्षणी सरकलेल्या गुरुत्वमध्याला जो आडवा वेग असतो, तो गोळीबरोबर जातो आणि तिला नेमापासून बाजूला नेतो.

.२२ ची गोळी सेकंदाला ३२० मीटर वेगाने १६ इंच पिळाच्या नळीतून निघाली, तर ती सेकंदाला सुमारे ७८७ फेरे घेते. तिचा गुरुत्वमध्य केवळ ०.००५ मि.मी. सरकलेला असेल, तर आडवा वेग सेकंदाला सुमारे २५ मि.मी. होतो. ५० मीटर जाण्यास तिला साधारण ०.१६ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ती सुमारे ४ मि.मी. बाजूला जाते. हीच गोळी ९ इंच पिळाच्या नळीतून सोडली, तर फेरे १४०० होतात आणि विचलन सुमारे ७ मि.मी. होते. ५० मीटरच्या आंतरराष्ट्रीय लक्ष्यावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मि.मी., म्हणजे त्रिज्या ५.२ मि.मी. आहे. पहिल्या नळीतील गोळीचा मध्य या वर्तुळात राहतो, दुसरीतील बाहेर जातो. गोळी तीच, नेम तोच, फरक फक्त पिळाचा.

यावरून निवडीचे सूत्र असे मांडता येईल : गोळी सर्व ऋतूंत निश्चितपणे स्थिर राहील एवढा पीळ असावा, त्याहून फार जलद नसावा.

हवेचे तापमान आणि परभणीचे हवामान

‘सर्व ऋतूंत’ हे शब्द परभणीच्या संदर्भात विशेष महत्त्वाचे आहेत. मे महिन्यात येथील पारा ४३-४४ अंश सेल्सिअसपर्यंत चढतो आणि डिसेंबर-जानेवारीतील पहाटे तो पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. एवढी तफावत महाराष्ट्रातील किनारपट्टीच्या जिल्ह्यांत आढळत नाही.

थंड हवा दाट असते. ४४ अंशांवरील हवेपेक्षा ५ अंशांवरील हवा, दाब समान धरल्यास, सुमारे १४ टक्के अधिक दाट असते. गोळीला आडवी पाडणारा रेटा हवेच्या घनतेच्या प्रमाणात वाढतो. गोळीच्या स्थैर्याचे मोजमाप ज्या स्थैर्यांकाने केले जाते, तो एकाहून कमी झाला की गोळी डोलू लागते. व्यवहारात तो १.४ ते १.५ च्या आसपास असणे इष्ट मानले जाते. समजा, एखाद्या रायफल-काडतूस जोडीचा स्थैर्यांक मे महिन्यात ४४ अंशांवर १.१ आहे. तीच जोडी डिसेंबरच्या पहाटे ५ अंशांवर ०.९६ वर येईल. उन्हाळ्यात समाधानकारक वाटलेली रायफल हिवाळ्यात बिघडल्यासारखी वागेल आणि तिच्यात बिघाड मात्र काहीच सापडणार नाही. सराव व शिबिरे हिवाळ्यात सकाळीच होत असल्याने ही बाब केवळ सैद्धांतिक नाही.

या तत्त्वाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेच्या एम-१६ रायफलीचे आहे. तिच्या आरंभीच्या नळ्यांचा पीळ १४ इंच होता. अतिशीत हवेत तिची गोळी पुरेशी स्थिर राहत नाही असे आढळल्याने १९६३ मध्ये तो १२ इंच करण्यात आला. स्थैर्यांक पिळाच्या मापाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. त्यामुळे या एका बदलाने तो ३६ टक्क्यांनी वाढला. उणे ५४ अंशांवरील हवा १५ अंशांवरील हवेपेक्षा सुमारे ३१ टक्के दाट असते. बदल किती नेमका होता, हे यावरून दिसते. पुढे १९८० च्या दशकात त्याच रायफलीला अधिक लांब गोळ्या, विशेषतः मार्ग दाखवणारी लांब प्रकाशगोळी देण्यात आली, तेव्हा पीळ ७ इंच करावा लागला. प्रत्येक वेळी आधी गोळी बदलली किंवा हवा निराळी निघाली आणि मग पीळ बदलला. उलट क्रमाने विचार झाला नाही.

काडतुसाची निवड : अंतर, कायदा व उपलब्धता

परदेशी पुस्तकांत काडतुसांच्या डझनभर पर्यायांची चर्चा असते. भारतीय नेमबाजापुढे तेवढे पर्याय नसतात. शस्त्र अधिनियम १९५९ व शस्त्र नियम २०१६ यांनुसार रायफलीस परवाना लागतो आणि परवान्यावर नमूद केलेल्या बोअरचीच काडतुसे घेता येतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकास दोनच अग्निशस्त्रे बाळगता येतात, क्रीडानेमबाजांसाठी मात्र स्वतंत्र तरतुदी आहेत. .३०३ व ७.६२ मि.मी. ही सैनिकी मापे सर्वसाधारण नागरिकास मिळत नाहीत. काडतुसे तयार करण्यासाठी स्वतंत्र परवाना आवश्यक असतो. त्यामुळे दारूचे प्रमाण बदलून घरीच काडतूस जुळवण्याची परदेशी बेंचरेस्टची पद्धत येथे गृहीत धरता येत नाही.

दुसरा निकष अंतराचा. शंभर मीटरपलीकडची मान्यताप्राप्त व सुरक्षित रेंज ग्रामीण जिल्ह्यांत सहजासहजी उपलब्ध नसते. परभणीची भूमी बहुतांशी सपाट काळ्या मातीची. गोळी अडवणारे डोंगर थोडे आणि शेतांत माणसांचा वावर बारमाही. .२२ सारख्या लहान काडतुसाची गोळीही दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. शेतात किंवा माळावर हौसेने केलेला गोळीबार बेकायदेशीर तर आहेच, शिवाय जीवघेणा ठरू शकतो. मान्य रेंजबाहेर सराव हा पर्यायच नाही.

हे दोन निकष एकत्र पाहता हौशी बेंचरेस्टसाठी .२२ लाँग रायफल हेच काडतूस उरते, आणि ते नाइलाजाने उरते असे समजण्याचे कारण नाही. १८८७ मध्ये अमेरिकेत निघालेले हे काडतूस आजही ५० मीटरच्या जागतिक स्पर्धांचे काडतूस आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात ६०० पैकी ५९७ गुण मिळवून विश्वविजेतेपद पटकावले. कोल्हापूर जिल्ह्यातीलच कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले. दोन्ही यश याच लहान काडतुसाचे. त्याला ‘पोरांचे काडतूस’ म्हणून हिणवणे अज्ञानमूलक होय.

ज्यांना परवाना वा ५० मीटरची रेंज मिळणे शक्य नाही, त्यांच्यासाठी ४.५ मि.मी. ची एअर रायफल व दहा मीटरची बंदिस्त जागा हा आरंभाचा उत्तम मार्ग आहे. तिचा छर्रा कमरेत बारीक व मागे पोकळ घेराचा असल्याने बॅडमिंटनच्या फुलाप्रमाणे हवेच्या ओढीनेही सरळ राहतो. त्यामुळे तेथे पिळाचा प्रश्न तितका तीव्र नसतो.

.२२ मधील निवड : वेगाचा मोह

.२२ ची काडतुसे दोन मुख्य वेगांत मिळतात. प्रमाणित वेगाची गोळी सेकंदाला साधारण ३२० ते ३३० मीटर वेगाने निघते, तर उच्च वेगाची ३७५ मीटरच्या आसपास. वेगवान गोळी अधिक चांगली असा समज सहज होतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. ध्वनीचा वेग ५ अंशांवर सेकंदाला सुमारे ३३४ मीटर आणि ४४ अंशांवर सुमारे ३५८ मीटर असतो. उच्च वेगाची गोळी ध्वनीहून जलद निघते आणि ५० मीटरच्या आतबाहेर त्या वेगाखाली येते. या संक्रमणात तिच्यावरील हवेचा रेटा झपाट्याने बदलतो व तिचा मार्ग बिघडतो. प्रमाणित गोळी आरंभापासूनच ध्वनीच्या वेगाखाली राहते.

वाऱ्याबाबतही असेच आहे. वारा गोळीला किती ढकलतो हे तिच्या एकूण प्रवासकाळावर अवलंबून नसून हवेमुळे तिला झालेल्या विलंबावर अवलंबून असते. उच्च वेगाच्या गोळीचा वेग ध्वनीच्या आसपास अधिक वेगाने घटत असल्याने तिला आडवा वारा उलट अधिक ढकलतो. ताशी दहा किलोमीटरचा आडवा वारा प्रमाणित गोळीलाही ५० मीटरवर १५ ते २० मि.मी. हलवतो. दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मि.मी. आहे हे लक्षात घेता, मेज व लक्ष्य यांच्या दरम्यान काठीला बांधलेल्या दोन-तीन हलक्या चिंध्या महागड्या दुर्बिणीइतक्याच उपयोगी ठरतात.

मेजावरील तपासणी

.२२ चे काडतूस पुन्हा भरता येत नाही. त्यामुळे नेमबाजाच्या हाती उरते ती निरनिराळ्या उत्पादन-गटांची तुलना. एकाच कारखान्याच्या दोन गटांतील काडतुसेही एकाच नळीत वेगळी वागतात. तपासणीची पद्धत पुढीलप्रमाणे असावी :

१. मेज जड व न डगमगणारे असावे. पिशव्यांतील वाळू बारीक व पूर्ण कोरडी असावी.

२. रायफलीचा लाकडी दस्ता पिशवीवर टेकवावा, नळी कधीही टेकवू नये. टेकवलेल्या नळीचे कंपन बदलते व छिद्रांची जागा सरकते.

३. काडतुसाचा गट बदलल्यावर पहिल्या दहा-पंधरा गोळ्या मोजणीत धरू नयेत. नळीला नव्या गोळीचे वंगण बसण्यास तेवढ्या गोळ्या लागतात.

४. प्रत्येक गटाचे पाच गोळ्यांचे पाच संच घ्यावेत व त्यांची सरासरी तुलनेस वापरावी. सर्वांत चांगला एक संच जपून ठेवणे मनाला सुखावणारे असले तरी त्यातून काही सिद्ध होत नाही.

५. तापमान व वाऱ्याची नोंद ठेवावी आणि शक्य तर हीच तपासणी उन्हाळ्यात व हिवाळ्यात स्वतंत्रपणे करावी.

निकालाचा अर्थ लावणे कठीण नाही. छिद्रे गोल नसून लांबट असतील तर गोळी आडवी जात आहे. पीळ अपुरा आहे किंवा नळी झिजली आहे. छिद्रे गोल परंतु मेजावरूनही विखुरलेली असतील तर काडतुसाचा गट, नळीचे तोंड किंवा दस्त्यातील बैठक तपासावी. मेजावरून छिद्रे जवळ पडतात आणि पालथे पडून विखुरतात, तेव्हाच दोष नेमबाजाच्या पद्धतीत आहे असे म्हणता येते. प्रशिक्षकाने ही तिसरी पायरी पहिल्या दोहोंच्या आधी गाठू नये.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. काडतूस निवडताना अंतर, कायदा व उपलब्धता यांचा विचार प्रथम करावा. त्यानुसार परभणीसारख्या जिल्ह्यातील हौशी बेंचरेस्टसाठी प्रमाणित वेगाचे .२२ लाँग रायफल हे योग्य काडतूस ठरते. पीळ गोळीच्या लांबीवरून ठरतो आणि या काडतुसासाठी १६ इंच हा पीळ गणिताने व अनुभवाने सिद्ध झालेला आहे. त्याहून जलद पीळ गोळीतील लहानसहान दोष वाढवून दाखवतो, तर काठावरचा संथ पीळ हिवाळ्याच्या पहाटे उघडा पडतो. नवी रायफल घेण्यापेक्षा हाती असलेल्या रायफलीला मानवणारा काडतुसांचा गट शोधणे अधिक फलदायी ठरते.

महाविद्यालयांच्या दृष्टीने यातील शेवटचा मुद्दा सर्वांत निकडीचा आहे. छात्रसेना अधिकारी असलेल्या प्राध्यापकाने वार्षिक गोळीबारापूर्वी युनिटच्या अनुमतीने प्रत्येक रायफल एकदा मेजावरून तपासवून घेतली आणि तिचा सरासरी संच नोंदवहीत लिहून ठेवला, तर त्यासाठी जाणाऱ्या गोळ्या वाया गेल्या असे म्हणता येणार नाही. कोणत्या छात्राला कोणती रायफल मिळाली यावर त्याची निवड अवलंबून राहू नये, एवढी काळजी या नोंदवहीमुळे घेतली जाईल.